ब्रेल प्रिंटरचा ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. एखादं यंत्र कसं चालवायचं हे संगणकाला शिकवणारा प्रोग्राम. तो थेट कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात बसतो. आमच्या तात्यांनी असाच एक लिहिला होता, कागदावर ठिपके उठवणाऱ्या ब्रेल प्रिंटरसाठी. पुढे कंपनी बुडाली, प्रिंटर भंगारात गेले, तात्या निवृत्त झाले, बायको गेली. उरला अंधशाळेतला एकच प्रिंटर आणि तिथल्या मास्तरांचे वर्षाकाठी चार-दोन मेल. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. तात्यांना दुसरं कुणी लिहीत नसे, हे सांगूनच टाकतो.

एके दिवशी मास्तरांनी कळवलं, नवा प्रिंटर आलाय, जुना काढायचाय. पण त्याचा ड्रायव्हर संगणकातून उतरवायला गेलं की संगणकच आडवा होतो.

तात्यांनी कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. सुरू करताना आधी संगणकाच्या मेमरीत जागा घ्यायची, मग यंत्राचे इशारे ऐकायला लागायचं. आवरताना नेमकं उलट: आधी इशारे बंद, मग जागा परत. यांनी जागाच आधी देऊन टाकलेली. बिऱ्हाड हलवलं आणि टपालवाल्याला सांगितलंच नाही, तशातली गत! मांडताना आवरायचा विचार करतो कोण? बारा वर्षांत ड्रायव्हर कुणी उतरवलाच नव्हता, म्हणून झाकली मूठ राहिली. काम दहा मिनिटांचं.

दुरुस्ती झाली, पण तात्यांनी ती पाठवली नाही. पाठवली की प्रिंटर जाणार आणि त्याच्यामागे मास्तरही. मग तात्यांनी ड्रायव्हरची आवृत्ती विचारली. संगणकाने ठेवलेल्या बिघाडाच्या नोंदी मागवल्या. केबल काढून पुन्हा मागवल्या. मास्तर बिचारे निमूटपणे पाठवत राहिले. तात्या सकाळी चहाआधी मेल उघडत. लाज वाटत होती, नाही असं नाही.

पंधराव्या दिवशी मास्तरांनी लिहिलं की नवा प्रिंटर खोक्यातच पडून आहे, मुलांची पुस्तकं अडलीत. तात्या खजील झाले आणि दुरुस्ती तत्काळ पाठवून दिली.

संध्याकाळी उत्तर आलं. "उतरला. संगणक आडवा झाला नाही. साहेब, चूक तुम्हाला पहिल्याच दिवशी सापडली असणार. मीही नोंदी मुद्दाम एकेक करून पाठवत होतो. मुलांकडे पाहून राहवेना, म्हणून लिहिलं."

तात्यांनी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा पुसलं. बारा वर्षांत यंत्राखेरीज काही विचारायची सवयच नव्हती. शेवटी एवढंच पाठवलं, "मास्तर, जेवलात का?"