साडूंच्या दोन गाड्या

पृथ्वीवरच्या समस्त माणसांची दोन गटांत वाटणी केली, तर एका गटात माझे माजलगावचे साडू एकटेच असतील. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांच्या गावात त्यांनी तरुणपणी दोघांपुरती, उघड्या टपाची, जमिनीला पोट घासणारी लाल स्पोर्ट्स गाडी आणली. जुनीच होती. तिचा कापडी टप त्यांनी कधी लावला नाही. "वारं लागाया पायजे, न्हाईतर घरात पंखा हायच की!" म्हणत. रोज संध्याकाळी बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, शेजारी बसवून ते धरणावर जात. आम्ही तिला अक्का म्हणतो.

पुढे पुण्याच्या मुलाने नवी पांढरी सेडान घेऊन दिली. एसी, चार दारं, पाय पसरायला जागा. साडूंचं मत एवढंच, "बसलं की बँकेत आल्यागत वाटतंय." वर तक्रार, की ती बंदच पडत नाही. "लाल गाडी चौसाळ्यात बंद पडली तवा अर्ध्या गावानं ढकलली, दोन घरी जेवलो. हिच्यात कोन भेटनार?"

मग अक्काचे गुडघे गेले. लाल गाडीत खाली वाकून बसता येईना, आणि पांढरीत काचेआड तिला मळमळू लागलं. धरण सुटलं. अक्का ओट्यावर बसून राही, आणि साडूही एकटे जाईनात.

गेल्या महिन्यात मी गेलो आणि दारातच थबकलो. कोऱ्या सेडानला टप नव्हता! ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून साडूंनी तो कापून घेतला होता आणि कडांना अक्काच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

"अहो, हे काय केलंत? पोराला काय सांगाल? पोलिसांनी धरलं तर?"

"वरडता कावून, साडू? टपच कापलाय, कुनाचा गळा न्हाई."

तेवढ्यात अक्का काठी टेकत आली, न वाकता सीटवर बसली आणि हनुवटीखाली पदराची गाठ मारत म्हणाली, "चला की, दिस बुडंल."

मी मागे बसलो. धरणाच्या वाऱ्यात अक्काने डोळे मिटून घेतले. मोटार कायद्याची सगळी कलमं माझ्या तोंडातच राहिली.

परतल्यावर गोठ्यात लाल गाडी दिसली. तिच्यावर पांढरीचा कापलेला टप झाकण म्हणून ठेवला होता. जन्मभर उघडी हिंडलेल्या त्या गाडीला आता ऊनवारा लागणार नव्हता.