कुमुदिनीबाईंच्या पेनाचं टोपण

सुदामा नगरातल्या कुमुदिनी सबनीस बाईंनी चौतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्या पत्ते खेळायला लागल्या. तेही भिशीतल्या बायकांसारखी रमी नाही, पोकर. आणि वेळ जात नाही म्हणूनही नाही. रोज सकाळी पोहे झाले की शंभर पानी वही उघडायची, कालचे डाव त्यात उतरवायचे, कुठे चुकलं तिथे लाल रेघ मारायची आणि खाली स्वतःलाच शेरा द्यायचा: ‘घाई केली’ किंवा ‘लक्ष नव्हतं’. सबनिसांचे पणजोबा होळकरांच्या दप्तरात होते. त्या घराण्याची सून पत्त्यांच्या क्लबात जाते हे कळल्यावर नात्यातल्या चारजणी मुद्दाम भेटायला येऊन गेल्या. बाईंनी चौघींना चहा दिला आणि डाव शिकवायला घेतला. चौथी तर जाताना पुन्हा कधी येऊ म्हणून विचारून गेली.

ह्या सगळ्याला जबाबदार होती शेजारची खुशी. ती फिजिओथेरपी शिकत होती आणि बाईंचा गुडघा तिनं सरावासाठी ताब्यात घेतला होता. पाय वर धरून बसायचा बाईंना भारी कंटाळा, म्हणून तिनं समोर पत्ते मांडले. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांसाठी मध्ये उघडे. त्यांतून ज्याचा मेळ सरस तो जिंकला, नाहीतर ज्यानं बाकीच्यांना घाबरवून पॅक करायला, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडायला, लावलं तो जिंकला. गुडघा बरा व्हायला तीन महिने लागले, पण बाई आठवड्याभरातच त्या पत्त्यांच्या प्रेमात पडल्या. कुठला पत्ता यायची शक्यता किती, हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. चौतीस वर्षं जे फळ्यावर लिहिलं त्याचा कुणाला काही उपयोग होताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

खुशी त्यांना छत्रीबागेतल्या क्लबात घेऊन गेली. तिथे पैसे लावत नसत. प्लॅस्टिकच्या चिप्स, गुण आणि कपाटात एक धुळकट ट्रॉफी, एवढाच कारभार. पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं की ह्या बाईंना फसवणं सोपं नाही. ‘वही घरी राहिली’ हे चौतीस वर्षं ऐकलेल्या माणसाला कोण काय गंडवणार? खोटा डाव लावणारा माणूस त्यांना खुर्चीवर टेकल्या टेकल्या कळे.

दुर्दैवानं बाईंना दुसरीही एक सवय होती. समोर चुकीचं उत्तर चाललेलं त्यांना बघवत नसे. बँकेतून निवृत्त झालेले गजाननजी एकदा त्यांच्याविरुद्ध पत्ते टाकायला निघाले, तर बाई कळवळून म्हणाल्या, “अहो, टाकता काय? नीट मोजा ना. तुमच्या उपयोगाचे नऊ पत्ते अजून गड्डीत आहेत!” गजाननजींनी मोजले, थांबले, नेमका हवा तो पत्ता आला आणि त्यांनी बाईंच्या सगळ्या चिप्स ओढून नेल्या. बाईंचा चेहरा आनंदानं फुलला.

“अरे यार काकू!” खुशीनं कपाळ धरलं. “तुम्ही किसकी तरफ से खेळताय? हे कोचिंग क्लास नाहीये!”

तेव्हापासून खुशीचा हुकूम निघाला की खेळायला बसण्यापूर्वी काकूंनी आवळा सुपारी तोंडात टाकायची आणि डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाईंनी तो पाळला. जीभ अशी बंद झाल्यावर त्या जिंकायला लागल्या.

इकडे पुण्याहून मुलाचा, उन्मेषचा, फोन दर रविवारी ठरलेला. तो विचारायचा, “आई, करमतं का तिथे?” बाई म्हणायच्या, “न करमायला काय झालं?” आणि तो म्हणायचा, “आवाजावरून तसं वाटत नाही.” त्याचं बरोबरच होतं. यजमान गेल्याला सहा वर्षं झाली होती आणि शाळा सुटल्यापासून तर संध्याकाळी घड्याळाचा आवाज घरभर ऐकू येई. शेवटी उन्मेषनं ठरवूनच टाकलं. आईनं कायमचं पुण्याला यायचं, इथलं घर भाड्यानं द्यायचं. सून मिताली नोकरी करणारी, नातू ऋषभ दोन वर्षांचा, आईसाठी खोली रंगवून तयार. मुलाला ‘नाही’ म्हणणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं. त्या ‘बघू’ म्हणायच्या आणि उन्मेष त्याचा अर्थ ‘हो’ असा लावायचा.

पण आता करमू लागलं होतं, तीच तर अडचण होती. ह्या वेळी ‘बघू’ म्हणता म्हणता बाईंच्या तोंडून भलतंच गेलं. “हे बघ, आमच्या क्लबाची सहा जणांची टीम निवडतायत, भोपाळच्या स्पर्धेसाठी. त्यात माझं नाव आलं तर मी इथेच राहणार. नाही आलं तर पंधरा तारखेला येते, कायमची.”

उन्मेष पोट धरून हसला आणि लगेच कबूल झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पंधरा तारखेचं विमानाचं तिकीटही काढलं. रद्द केलं तर पैसे परत नाहीत, असलं स्वस्तातलं. आईवर त्याचा एवढा विश्वास होता.

निवडीच्या रविवारी दुपारपर्यंत पाच जागा भरल्या. त्यांतली एक खुशीची. सहाव्या जागेसाठी उरले दोघे, एक बाई आणि दुसरा निशांत शिंदे. निशांतचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं, वय अडतीस, पोट सुटलेलं. आणि तो आठवीत दोनदा बाईंच्याच हाताखाली गणितात नापास झालेला. टेबलाशी येताच तो वाकला. “बाई, पाया पडतो. भोत टेन्शन येतंय तुमच्यासमोर, सच्ची.” बाईंनी वही-पेन समोर मांडलं आणि सुपारी चघळत नुसता आशीर्वादाचा हात केला.

ठरलं असं की पाच वाजेपर्यंत खेळायचं आणि ज्याच्याकडे जास्त चिप्स तो टीममध्ये. बाईंना वाटलं, तासाभराचं काम. पण निशांत काही केल्या सापडेना. बाईंकडे मोठे पत्ते आले की तो नेमका शेवटच्या क्षणी हात मागे घ्यायचा. ज्या पोराला अपूर्णांकांची बेरीज कधी जमली नाही, त्याला ही अक्कल आली कुठून, हे बाईंना उमजेना.

चारच्या चहाला खुशीनं त्यांना कोपऱ्यात ओढलं. “काकू, तो पत्ते बघतच नाहीये. तुमचं पेन बघतोय!”

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्गात फळ्यापाशी उभा असलेला मुलगा चुकू लागला की त्या ओरडत नसत. हातातल्या शाईच्या पेनाला टोपण लावत. टक्. एवढ्यावर मुलं फळा पुसून गणित पुन्हा मांडत. जिभेला सुपारीनं आवरलं होतं, हाताला कोण आवरणार? निशांत खड्ड्यात पाय टाकायला निघाला की बाईंच्या हातून टोपण लागत होतं आणि तो वाचत होता. म्हणजे दुपारभर त्या स्वतःच्या हातानं त्याला टीमकडे ढकलत होत्या आणि स्वतःला पुण्याकडे.

“पेन पर्समध्ये,” खुशी म्हणाली. “और चेन बंद.”

पेन गेल्यावर निशांत चाचपडायला लागला, तरी पाचला चार मिनिटं कमी असताना तो थोडा पुढेच होता. शेवटचा डाव वाटला. बाईंच्या हातात आली बदामाची सत्ती आणि चौकटची दुर्री. याहून टाकाऊ जोडी गड्डीत नाही. पण टाकली तर डाव तिथेच संपणार होता. बाई खेळत राहिल्या. मध्ये पाच पत्ते उघडे झाले, त्यांत तीन बदाम आणि किलवरचा बादशहा. बाईंकडे अजूनही काही नव्हतं. हातात आणखी एक बदाम असता तर पाच बदाम जमून त्या जिंकल्या असत्या. तो असल्यासारखं दाखवणं एवढंच हातात होतं. बाईंनी सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे सारल्या.

निशांतला घाम फुटला. त्याच्याकडे बादशहा होता, म्हणजे मधल्या बादशहाशी जोडी होती. तो पुटपुटायला लागला. “बदाम एकूण तेरा. तीन मध्ये, एक माझ्याकडे. उरले नऊ. मला न दिसलेले पत्ते… सात दिसले, म्हणून पंचेचाळीस. बाईंकडे दोन्ही बदाम असायला… नऊ गुणिले आठ, भागिले पंचेचाळीस गुणिले चव्वेचाळीस…” त्यानं मोबाईल नाही काढला, बोटांवर केलं. “शंभरात चार वेळापण नाही, भिया! बाईंकडे काही नाहीये. कॉल करावा म्हणतो, तेवढ्याच चिप्स लावून पत्ते उघडायला लावावेत.”

बाईंचा ऊर भरून आला. पोरगं बरोबर होतं! पायरी न गाळता, पंचवीस वर्षं उशिरा, पण अगदी बरोबर. ‘शाब्बास’ हा शब्द सुपारीपर्यंत येऊन अडला. त्यांनी तो गिळला. डोळ्यांसमोर पुण्याची रंगवलेली खोली आली आणि त्या खोलीत खिडकीशी बसलेल्या स्वतः. ऋषभ आठवला, त्याचे गाल आठवले. तरीही त्यांना जायचं नव्हतं. नव्हतंच जायचं.

त्यांनी पर्स उघडली. खुशीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी पेन काढलं, टोपण उघडलं, वहीत तारीख घातली आणि वर पाहिलं. निशांत चिप्सवर हात ठेवून, जीव डोळ्यांत आणून पेनाकडेच बघत होता.

बाईंनी टोपण लावलं. टक्.

निशांतचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. “चुकलं वाटतं,” तो म्हणाला आणि त्यानं पत्ते टाकले. मधल्या सगळ्या चिप्स बाईंच्या झाल्या आणि त्या पुढे गेल्या.

खुशी खुर्चीवर चढून नाचायला लागली. निशांत मात्र जागचा हलला नाही. “बाई, एकदा दाखवा ना,” तो म्हणाला. न दाखवण्याचा हक्क होता, पण बाईंनी पत्ते उलटे केले. सत्ती, दुर्री. निशांतनं दोन्ही पत्ते उचलून पाहिले. मग आठवीतल्याच आवाजात म्हणाला, “बाई, मग टोपण का लावलं?”

बाईंनी सुपारी गिळून टाकली. “मुद्दाम लावलं. आजवर एकाही मुलाला चुकीचं सांगितलं नव्हतं रे मी. आज सांगितलं. तुझं गणित बरोबर होतं, निशांत. दहापैकी दहा.”

“बरोबर होतं?” निशांत उभाच राहिला. “गजाननजी, सुना क्या? बाई म्हणतायत, मेरा गणित बरोबर होतं!” जागा गेल्याचं तो विसरूनच गेला. वहीत लिहून द्या म्हणून मागे लागला आणि बाईंनी त्याला पान फाडून, तारखेनिशी, सही करून दिलं.

घरी येऊन त्यांनी उन्मेषला फोन लावला. तो म्हणाला, “आई, लोकरीचे कपडे फार आणू नकोस, इथे थंडी नसते.” बाई म्हणाल्या, “मी निवडले गेले. मी येत नाही. दिवाळीत आठ दिवस येईन, ऋषभला पत्ते शिकवायला.” हे वाक्य त्यांनी वाटेत रिक्षात चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

उन्मेषनं विचारलं, “आई, पण तुला खरंच करमतं तिथे?”

“करमतं,” बाई म्हणाल्या.

ह्या वेळी तो आवाजाबद्दल काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, “तिकिटाचे पैसे गेले माझे.”