चार वेळा विचारणारी चौकट

किस्से कोणी जमवत नाही. ते चपलांसारखे दाराशी साचतात आणि कुठली कुणाची हे कळेनासं होतं. हे आमच्या भोईवाड्यातल्या रविवारच्या बैठकीतले. सगळे खरे आहेत, असं मला वाटतं. नक्की सांगवत नाही.

बैठक सचिन परबच्या घरी भरते. तो बँकेत आहे. दुसरी वृंदा पाठारे, दादरची दातांची डॉक्टर. तिसरा मी, गणिताचा निवृत्त प्राध्यापक. हातातल्या छोट्या व्हिडिओ गेममध्ये आपण कुठवर पोचलो, जवळ काय काय आहे, हे एका फाइलमध्ये सेव्ह होतं. ती फाइल उघडून हवे ते बदल करून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला!

त्यात माझा वाटा एकच. बदल होण्याआधी स्क्रीनवर येणारी चौकट. ती विचारते, "नक्की?" मग "खरंच नक्की?" मग "बॅकअप घेतला का?" आणि शेवटी, "घरी विचारलंत का?"

"सर, लोक वैतागतात. काढू या ना ती!" सचिन दर रविवारी म्हणायचा. पण ती गेली तर मी भोईवाड्याला कुठल्या तोंडाने जायचं?

*

एका रविवारी शिवडीचे एक ट्रान्सपोर्टवाले बैठकीला आले. त्यांच्या गेममधला हिरो पाठीवर नव्व्याण्णव गोणी नेई. त्यांना नऊ हजार हव्या होत्या. चारही प्रश्नांना धडाधड 'हो'!

"अहो, वाचलंत का?"

"सर, फॉर्मवर 'हो' करायचं असतं. वाचत बसलो तर गाडी सुटणार कधी?"

हिरो जागचा हलेना. त्यांनी स्क्रीनवर बोट आपटलं. मग म्हणाले, "ओव्हरलोड! इथे पण? मग इथला हवालदार कुठल्या फाइलमध्ये असतो?"

*

लालबागच्या एक बाई. मुलगा शाळेत गेला की त्याचा गेम खेळायच्या. "मी फार पुढे गेले हो! तो यायच्या आत मला मागे आणा."

चौकट चौथ्या प्रश्नावर आली. बाई उसळल्या, "घरी विचारता आलं असतं, तर इथे कशाला आले असते?"

सचिनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

*

सचिनची आई मालवणची. भर पावसाळ्यात सचिनने मासेमारीच्या गेममध्ये टोपलीभर मासे पकडले.

"झिला, नारळी पुनवेच्या आधी? सोड परत दर्यात!"

आम्ही फाइल उघडून मासे शून्य केले. आईंनी चष्मा लावून पाहिलं. "टोपलीतसून गेले, ता खरा. पण दर्यात पोचले काय?"

वृंदा दोन रविवार फाइलमध्ये समुद्र शोधत होती!

*

परवा मात्र सचिनने चौकट काढायचं ठरवलंच. वृंदाही म्हणाली, "सर, दात काढतानासुद्धा मी एवढं विचारत नाही."

मी मान डोलावली. न डोलावून करतो काय?

आमचा कोड ज्या साइटवर असतो, ती सचिनने उघडली, माझी चौकट निवडली आणि डिलीट दाबलं. स्क्रीनवर त्या साइटचीच चौकट आली: 'आर यू शुअर?'

त्याचा हात माउसवरच राहिला. लसूण सोलणाऱ्या आईसुद्धा थांबल्या.

"सर... तुम्हीच सांगा."

मी खुर्ची पुढे ओढली. "बॅकअप घेतलायस का रे?"

मग आईंनी लसणाची ताटली खाली ठेवली.

"आणि घरात कोणाक इचारलंस?"