डोमाजींच्या कानातली शीळ

“दोन्ही फुप्फुसांना लागलंय,” डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले. “स्प्युटम पॉझिटिव्ह आहे.” म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. किती दिवस राहावं लागेल, मी विचारलं. ते म्हणाले, “दिवस नाही, महिने मोजा.”

मी तेवीस वर्षांचा होतो. नागपुरात आमच्या वस्तीला नळ मिळावा म्हणून पत्रकं लिहायचो, भिंतींना चिकटवायचो. तीन आठवड्यांचा खोकला मी घोषणांच्या माथी मारला होता. तुम्ही ही चूक करू नका.

वॉर्डात वीस खाटा, खिडक्यांना गज, फाटकावर चौकीदार. भेटायला येणाऱ्यांनी व्हरांड्याच्या कडेला उभं राहून बोलायचं. माझ्याकडे वाचनालयाची तीन पुस्तकं होती. भाऊ ती परत करायला निघाला, तर निरोप आला की क्षयाच्या रोग्याने हाताळलेली पुस्तकं आणू नका. म्हणजे पुस्तकंही अडकली! मी तिथल्या तिथे निषेधाचं पत्रक लिहिलं. पण ते वाटणार कुठे?

शेवटी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला मथळा टाकला: ‘सध्या काय वाचता, काय ऐकता?’ रोज संध्याकाळी खाटोखाट विचारून मी उत्तरं लिहायचो आणि कागद दारामागे लावायचो. माझा ट्रान्झिस्टर गजाला टांगलेला होता. कोणी त्यावरचं गाणं सांगे, कोणी बाजारभाव. कोणी पुडीच्या कागदावरची अर्धी बातमी वाचून दाखवी, मग उरलेल्या अर्ध्या बातमीवरून वॉर्डभर भांडण. तेवढा वेळ गज दिसत नसत.

शेजारच्या खाटेवर डोमाजी होते. नागपूरजवळच्या खापा गावचे विणकर, पन्नाशीचे. त्यांना मी येण्याच्या महिनाभर आधीपासून स्ट्रेप्टोमायसिनची, म्हणजे क्षयाच्या औषधाची, रोज सुई चालू होती. मी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

“मले तं माहा मागच ऐकू येऊन राहिला.”

“म्हणजे काय, डोमाजी?”

“एका खोलीत आमचे पंधरा माग. दिवसभर खटखट. काम थांबलं का कानात शीळ वाजत राहते गा. खाप्यात समद्याइच्याच कानात वाजते.”

मी लिहिलं: ‘डोमाजी – मागाची शीळ.’ लोकांना ते आवडलं. पण दुसरा आठवडा लागला तरी तेच. मी वैतागलो. “देशात काय चाललंय, आणि तुम्ही माग धरून बसलात!”

“म्या काहाले धरू? थोच सोडत नाही.”

एका सकाळी सिस्टरने मागून त्यांचं नाव घेतलं. ते वळले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, “सुईच्या भीतीनं बहिरे झाले काय डोमाजी?” वॉर्ड हसला. डोमाजीही हसले, पण आमचे चेहरे बघून, थोडं उशिरा. ते उशिरा हसणं मला टोचलं. मी दारामागे गेलो. बारा दिवस ओळीने तीच शीळ लिहिलेली. माग सोडून या माणसाला दोन महिने होऊन गेले होते. दोन महिने कुठली शीळ राहते?

राउंडला मी डॉक्टरांची वाट अडवली. “यांना ऐकू येत नाही. सुया टोचता, कान कोण तपासणार?”

“मला कोणीच सांगितलं नाही.”

मी दारामागचे कागद काढून पुढे केले. त्यांनी ते सगळे वाचले. “हे तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

“बारा दिवस?”

 कोणी ऐकत नाही, असं मी गावभर ओरडत फिरलो होतो. हा माणूस रोज सांगत होता आणि मी ते शोभेला लावत होतो.

डॉक्टरांनी समजावलं. हे औषध कधी कधी ऑडिटरी नर्व्ह, म्हणजे ऐकण्याची नस, मारतं. शीळ ही पहिली खूण. गेलेलं बहुधा परत येत नाही. सुई बंद केली तर उरलेलं वाचू शकेल. “आम्ही आधीच विचारायला हवं होतं,” तेही म्हणाले. सुईऐवजी दुसरी औषधं सुरू झाली.

डोमाजी घाबरले. “सुई बंद? आता घरी मराले धाडता काय?” ‘दुसरी औषधं चालू आहेत’ असं मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तेव्हा पटलं.

उजवा कान गेला होता. डाव्याशी डॉक्टरांनी हातातलं घड्याळ धरलं. चार बोटांपलीकडे टिकटिक ऐकू येत नव्हती. त्या दिवसापासून ते घड्याळ प्रत्येक खाटेपाशी फिरू लागलं, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे आभार. तुम्हाला ही सुई चालू असेल आणि कानात काही वाजत असेल, किंवा चालताना तोल जात असेल, तर त्याच दिवशी सांगा. तुमच्या कामधंद्यामुळे होतं असं स्वतःच ठरवू नका. आणि शेजारचा सांगत असेल तर ते डॉक्टरांपर्यंत न्या.

आठवडाभर आम्ही ती बोटं मोजली. रोज भीती वाटायची, आज तीनच भरणार. आठव्या दिवशीही चारच भरली.

“चारच,” मी त्यांना बोटं दाखवली.

“हायेत ना पन? मंग पुस्तक आन. इकडच्या बाजूनं बस.”

मी वाचनालयाच्या त्या अडकलेल्या पुस्तकांतलं एक घेऊन त्यांच्या डाव्या हाताला बसलो, कानापासून चार बोटांवर तोंड नेलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.