नियमाप्रमाणे फी घेणारा

ती तक्रार आजही आठवली की मला हसू आवरत नाही. नोकरीत असताना माणसं काय काय गाऱ्हाणी घेऊन ठाण्यावर आली; पण ‘तो माणूस फार कमी पैसे घेतो, त्याला पकडा’ असं सांगणारा एकटाच भेटला, आणि तोही काळ्या कोटातला. नावं कुणाचीच सांगत नाही. पेडण्याची माणसं ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती आणि डिचोलीहून माझी पेडण्याला बदली झाली होती. ठाण्यासमोर रस्त्यापलीकडे एका वकिलाचं ऑफिस होतं. ते सरकारमान्य नोटरीही होते. एका सकाळी हजेरी चालू असतानाच ते तरातरा आत आले. बसस्टँडजवळ एक इसम टेबल टाकून प्रतिज्ञापत्रांवर नोटरीचा शिक्का मारतो, असं त्यांनी सांगितलं.

“तो नोटरी नाही कशावरून?” मी विचारलं.

“अहो, नोटरी व्हायला आधी वकील व्हावं लागतं. दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मग सरकारकडे अर्ज, मग चौकशी, मग यादीत नाव, तेव्हा कुठे शिक्का हातात येतो. हा कोण लागून गेला? आणि घेतो किती ठाऊक आहे? माझ्या पावपटसुद्धा नाही!”

साहेबांचा खरा राग शेवटच्या वाक्यात होता, हे हवालदाराच्याही लक्षात आलं. तो खाली मान घालून नोंदवहीत काहीतरी खरडत बसला.

डिचोलीहून माझ्याबरोबर आलेला एक शिपाई होता, त्याला पेडण्यात कोणी ओळखत नव्हतं. त्याला साध्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून पाठवला. तासाभराने तो परतला, चेहरा चक्रावलेला.

“सायबानू, माणूस शंभर टक्के खोटो.”

“शिक्का बघितलास?”

“शिक्को सोडा. उरलेले पैशे परत दिल्यान! पावती दिल्यान! वहीत माझी सही घेतल्यान. भिंतीर फीचो फळो लायल्यान. असो नोटरी मी जन्मात बघूक ना.”

मी नियमांचं पुस्तक मागवून त्याने टिपून आणलेले फळ्यावरचे दर ताडून पाहिले. पैशाचाही फरक नव्हता. फीचा दर सरकारने ठरवलेला असतो, तो सर्वांना दिसेल असा लावायचा असतो, पावती द्यायची असते, प्रत्येक कामाची नोंद वहीत करून समोरच्याची सही घ्यायची असते. हे सगळं त्या टेबलावर होत होतं. उभ्या पेडण्यात आमच्या माहितीचा हा एकच माणूस नियमाने चालत होता, आणि संशय नेमका त्याच्यावर होता.

शिपायाच्या कागदावरचा शिक्क्याचा क्रमांक घेऊन मी एक माणूस बसने पणजीला धाडला. कायदा खात्याचं उत्तर आलं, की हा क्रमांक ज्या वृद्ध नोटरींचा होता, ते तीन वर्षांपूर्वी वारले. चौकशीत निघालं, की टेबलवाला हा त्यांचाच जुना कारकून.

त्याला ठाण्यावर आणला. पन्नाशीचा, स्वच्छ सदरा, खिशात दोन पेनं. टेबल, वही, पावतीपुस्तक आणि फळा जप्त केला, पण शिक्का काही सापडेना. पंचनामा लिहिताना हवालदार पंचाच्या बापाचं नाव घालायचं विसरला, तर यानेच बोट ठेवून दाखवलं. मला म्हणाला, “मी फक्त मसुदा करतो, साहेब. शिक्का मारायला नोटरी संध्याकाळी येतात.”

“कुठले नोटरी?”

“येतात एक.”

दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आणि तो तेच उत्तर अदबीने देत राहिला. शिक्का हाती लागल्याशिवाय माझी केस लंगडी होती, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. आरडाओरडा करणारा आरोपी परवडतो हो, कायदा पाठ असलेला नको.

तेवढ्यात हळर्णहून एक विधवा बाई ठाण्यात शिरली. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. पोलीस बघून दबली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली.

“सायबानू, ह्यांका सोडा हो. माका आणखी एक कागद करून घेवचो आसा. परवा मामलेदारापुढे माझ्या घराची तारीख आसा.”

तिच्या नवऱ्याचं घराणं दोन पिढ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत मुंडकार म्हणून राहत होतं. राहतं घर विकत घ्यायचा हक्क तिला कायद्याने होता. भाटकार म्हणत होता की ही इथे राहतच नाही. तिच्या बाजूने मुख्य कागद म्हणजे तिचं प्रतिज्ञापत्र, आणि त्यावर शिक्का या गृहस्थांचा!

कारकुनाने तिला हळूच विचारलं, “काकी, भाटकारान वकील दिल्यान?”

“दिल्यान तर! पणजेचो मोठो.”

त्याचा चेहरा उतरला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, तो वकील पहिल्यांदा शिक्क्याचा नंबर तपासणार. कागद खोटा ठरला की बाई खोटी ठरली. तिचं घर जाईल. मसुदा बरोबर आहे, त्याला हात लावू नका, फक्त खऱ्या नोटरीकडून उद्याच्या उद्या नवा करून घ्या.” आणि एक दम घेऊन म्हणाला, “शिक्का माझ्या घरी आहे. खाज्यांच्या डब्यात. पंच बोलवा.”

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण आरोपीने दाखवून दिलेली वस्तू चालते. पंचांसमक्ष डबा उघडला. जत्रेतल्या खाज्यांखाली शिक्का होता, गुळाने चिकट झालेला.

परत येताना जीपमध्ये मी त्याला विचारलं, “हे कशाला केलंस रे बाबा?”

“बावीस वर्षं कागद मी केले, सही त्यांची. ते गेले, तरी लोक माझ्याकडेच येत राहिले. पहिल्या माणसाला नाही म्हणवेना. पुढे लोक ‘नोटरी’ म्हणू लागले. ते आवडलं, साहेब.”

“मग फी तरी जास्त घ्यायचीस.”

“ते नियमात बसत नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. ड्रायव्हरला हसताना गाडी बाजूला घ्यावी लागली.

मी मात्र पुरता हसू शकलो नाही. त्या नीटनेटक्या वहीत पानापानांवर गरिबांची नावं होती, आणि त्यांतला एकही कागद कोर्टात टिकणारा नव्हता. एवढं मात्र झालं, की वही चोख असल्यामुळे आम्ही प्रत्येकाला निरोप धाडू शकलो.

दुसऱ्या दिवशी बाईला घेऊन मी रस्ता ओलांडला. वकीलसाहेबांनी मसुदा वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि नेहमीचा आकडा सांगितला. बाईने पिशवीत हात घातला, तो तिथेच थांबला. तेवढे तिच्याकडे नव्हते. मी हवालदाराला हाक मारून जप्त केलेला फळा आणवला. हे नियमात कितपत बसतं ते विचारू नका.

“हे काय?” वकीलसाहेब म्हणाले.

“मुद्देमाल. यावरचे दर खरे की खोटे, याबद्दल जाणकार म्हणून तुमचा जबाब हवा आहे.”

त्यांनी फळा वाचला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फळा वाचला. मग फळ्यावरच्या दराने शिक्का मारला. बाई मात्र जागची हलेना.

“आनी पावती? त्या दुसऱ्यान दिल्यान मरे.”

पावतीपुस्तक कपाटाच्या तळाशी मिळालं. वरची धूळ त्यांनी स्वतः झटकली.

सुनावणीत पणजीच्या वकिलाने पहिला प्रश्न शिक्क्याचाच काढला. बाईने नवा कागद पुढे केला. पुढच्या काही तारखांत घर तिच्या नावाने खरेदी करायचा हुकूम झाला आणि ती ठाण्यावर पेढे घेऊन आली. एक पुडी वेगळी बांधलेली होती. “ही त्यांका पावती करा,” म्हणाली. कारकून तेव्हा शिक्षा भोगत होता. गुन्हा त्याने कोर्टात कबूल केला होता. पुडी मी पोचवली.

त्या केसने मला एक गोष्ट शिकवली. एकाकडे नियम होता पण अधिकार नव्हता, दुसऱ्याकडे अधिकार होता पण नियम कपाटाच्या तळाशी. नुसत्या एकाने त्या बाईचं घर वाचलं नसतं.

निकालात कोर्टाने शिक्का नष्ट करायला सांगितला. फळ्यावर मॅजिस्ट्रेटसाहेब दोन मिनिटं नजर खिळवून होते. “यात खोटं काहीच नाही. ठाण्यातच ठेवा,” म्हणाले. मी तो ठाण्याच्या व्हरांड्यात लावला, रस्त्याच्या बाजूने, ठळक. लोक बाकावर बसून तो वाचायचे आणि मगच रस्ता ओलांडायचे. वकीलसाहेब दोनदा येऊन म्हणाले, तो फळा काढा. मी म्हटलं, लेखी तक्रार द्या, चौकशी करतो. मी निवृत्त झालो तोवर ती काही आली नव्हती.