डोक्यावरची फुगडी

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन मुंबईहून कट्टा गावाजवळच्या आमच्या घरी आली, ती गुडघ्यांचे पॅड आणि एक लोकरी टोपी घेऊन. आमच्या घामाच्या धारांत लोकरी टोपी! सुनेला सर्दीची खोड असणार म्हणून सासूबाईंनी काढा उकळला.

टोपीचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. तिने निवडणुकीचा जुना फ्लेक्स घरापुढच्या खळ्यात अंथरला, पुढाऱ्याच्या कपाळावर डोकं टेकलं, पाय वर केले आणि भोवऱ्यासारखी गरगरली. कॉलेजात ती ब्रेकडान्स करायची, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई सूप टाकून धावल्या आणि तिचे फिरते पाय घट्ट धरले.

"गो बाये, पडलंस कशी? काय मोडला काय?"

"आई, नाचत होते."

"मगे उभ्यान नाच! पाय दिल्यान कित्याक देवान?"

मला मात्र भारी गंमत वाटली. ऐन चाळिशीत मी तिची शिष्या झाले. डोक्यावर फिरणं माझ्या आवाक्याबाहेरचं. मला तिने फ्रीज शिकवला, म्हणजे हातांवर तोल सावरून जागच्या जागी थिजायचं. थिजणं जमलं, सुटणं जमेना. एकदा शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा मी तशीच अडकलेली. ती ओणवी होऊन माझ्याशी आपल्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलली, आत जाऊन विरजण घेतलं आणि गेली.

गणपतीत वाडीच्या फुगडी स्पर्धेत आम्ही दोघी उतरलो. नऊवारी नेसलो, आतून ट्रॅक पँट. सुरुवातीला रीतसर हात धरून गिरक्या घेतल्या. मग जाऊ खाली गेली आणि तिचे पाय मंडपाच्या झालरीकडे. गाणाऱ्या बायका गाणंच विसरल्या.

परीक्षक बाईंनी माइकवर विचारलं, "ही फुगडी कुठली म्हणायची?"

सासूबाई ताडकन उठल्या. "आमच्या घरची! तुमका येता?"

मंडप हसून लोळला. पहिला नंबर दुसऱ्याच जोडीला गेला, आम्हाला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा.

पण विसर्जनानंतर वाडीतल्या बायका संध्याकाळी आमच्या खळ्यात जमू लागल्या. सासूबाई हातात वाढवण, म्हणजे झाडू, घेऊन पायरीवर बसतात आणि ओरडतात, "आधी पदर खोव गो, मगे उलटी हो!"