आकारामचा सराफ

लढाई संपली आणि आकाराम लष्करातली लारी सोडून कऱ्हाडाच्या अल्याड आपल्या गावात परत आला. चार वर्षं आफ्रिकेत काढलेली. येताना एक ट्रंक आणली, आणि पोटात मावणार नाहीत एवढ्या गोष्टी. गावानं बाँब ऐकले, गोरे साहेब ऐकले, वाळूची वादळंसुद्धा ऐकून घेतली. पण एक दिवस पारावर त्यानं जिराफाची गोष्ट काढली आणि तिथंच त्याचा पाय घसरला.

"उभ्या उभ्या आढ्यावरनं पल्याड बघंल, एवढी मान!"

"काय नाव म्हणालास?" म्हाताऱ्या आप्पासोनं कानामागं हात धरला.

"जिराफ."

"सराफ? सांगलीच्या पेठंतला व्हय रं? गिऱ्हाईक दिसलं की त्यो बी मान लांब करतोय!"

पार हसून हसून लोळला. त्या दिवसापासून आकारामचं नावच सराफ पडलं. गाव हसतंय तर हसू दे, म्हणून त्यानं सोडून दिलं. पण थोरली लेक हौसा सात वर्षांची. बाप लढाईवर गेला तेव्हा तिला कळतही नव्हतं. आता कुठं 'आबा' म्हणायला लागलेली. ती एक दिवस भांडून, झिंज्या विस्कटून घरी आली.

"पोरी म्हणत्यात, तुझा बा थापाड्या हाय. आबा, तुमी खरंच आफ्रिकंला गेलावता, का पुण्यात बसून आलाय?"

हे मात्र जिव्हारी लागलं. बाँब चुकवलेला गडी, पण पोरीची नजर त्याला चुकवता येईना.

बैलांचा सण, बेंदूर, तोंडावर आलेला. घरोघर मातीचे बैल व्हायला लागलेले. आकारामनं कुंभाराकडनं चिकणमाती आणली, सोप्यात पोतं अंथरलं आणि हौसाला नि धाकट्या ज्ञानूला पुढ्यात बसवलं.

"औंदा बैल न्हाईत. औंदा आफ्रिका करायची."

हत्ती बरा जमला. काजळी फासून पट्ट्यांचं गाढवही झालं. पण ज्ञानूचा हात ऐकेना. चार पायांचं काही दिसलं, की तो त्याच्या पाठीवर मातीचा गोळा दाबायचा.

"आरं, गाढवाला वशिंड नसतंय!"

"मग जू कुठं अडकंल?" ज्ञानू म्हणाला.

आकारामनं कपाळावर हात मारला. हात चिखलाचा, त्यामुळं कपाळही.

जिराफानं तर छळच मांडला. मान उभी केली की वाकायची. जाड केली तर मुंडकं रेड्याचं दिसायचं. पावसाळी हवेत माती वाळेना आणि चुलीपाशी ठेवला तर तडकला. शेवटी मान हातातच आली, तसा आकारामनं सगळा गोळा भिंतीवर हाणला. ज्ञानूनं भोकाड पसरलं.

चुलीपुढनं शालूबाई, आकारामची बायको, कडाडली, "आवं, हितं काय रणगाडं आल्यात? चिखलाच्या मानंपायी पोरास्नी भ्या दावताय! चार बैल करा आन् मोकळं व्हा."

"बैल करून हिचा बा थापाड्याच ऱ्हातोय की!"

हौसा भिंतीवरची माती खरवडत होती. खरवडता खरवडताच तिनं विचारलं, "एवढी मान कशाला आसती त्येला?"

"झाडाचा शेंडा खायाला."

"जोतिबाची आण?"

"जोतिबाची आण."

ती उठली. सरपणातनं एक तुराटी ओढून आणली आणि बापाच्या हातात दिली. "छप्पर वाकलं की मेढ देत्यात न्हवं? ह्येलाबी द्या."

तुराटीवर माती थापली आणि मान उभी राहिली. बैलांच्या शिंगांना आणलेल्या तांबड्या हुरमुंजाचे ठिपके हौसानंच दिले.

बेंदराच्या दिवशी पाटावर शालूबाईचे दोन बैल आणि मागं सगळी आफ्रिका. शालूबाईनं कुरकुरत का होईना, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. पोळी खायच्या निमित्तानं आप्पासो चार टाळकी घेऊन मजा बघायला आला.

"ह्यो व्हय तुझा सराफ? आन् मान आशी कशानं झाली रं?"

आकारामनं खाकरून घसा साफ केला. ह्या एका प्रश्नाची तो किती दिवस वाट बघत होता! पण हौसा आधी बोलली.

"ह्येच्या मानंवर कुणी कवा जूच ठिवलं न्हाई. म्हणून वाढली."

आप्पासो म्हणजे जन्मभर बैलांच्या मानेवरचे घट्टे चोळलेला माणूस. त्यानं दारातल्या बैलजोडीकडं बघितलं, परत जिराफाकडं बघितलं.

"व्हय की," तो म्हणाला. "जू नसंल तर वाढंल. ह्ये पटतंय गड्या."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

"न्हाई आप्पासो, तसं न्हवं! त्यो झाडाचा शेंडा..."

हौसानं मागनं त्याचा सदरा खसकन ओढला. "आबा, गप बसा," ती दातओठ खाऊन पुटपुटली. "आत्ता कुठं मानलंय त्येंनी."

चार वर्षं लारी हाकत डोळ्यांनी बघितलेलं जनावर, आणि गावानं मानलं ते पोरीच्या थापेवर! आकाराम धुमसत पाटापाशी जाऊन बसला. तिथं ज्ञानू हत्तीच्या पाठीवर गुपचूप मातीचा गोळा दाबत होता. बापाला बघून त्याचा हात थांबला.

"लाव," आकाराम म्हणाला. "त्येलाबी लाव."